‘पहिला’ या शब्दावरून

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वैतागलो, दुसऱ्यांदा चहा घेऊन बसलो. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या स्मारकांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत. अक्षीच्या शिलालेखाला मी ठणकावून ‘मराठीतला पहिला’ म्हटलं नाही, हा मराठीचा कमीपणा. गधेगाळीचं, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या कोरीव दगडाचं, वर्णन घरात मोठ्याने वाचायची सोय नाही. आणि कुलाबा किल्ल्याला दोन ओळी, चरीच्या शेतकरी संपाला मात्र अख्खा परिच्छेद!

शेवटचं आधी उरकतो. कुलाबा किल्ल्याला पर्यटक ओहोटी बघून आपणहून जातात. चरीला मुद्दाम कोण जातं? नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ पासून सहा वर्षं कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. परिच्छेद तिथेच खर्ची घातला, आणि पुन्हा लिहिलं तरी तिथेच घालीन.

आता ‘पहिला’. अक्षीच्या दगडावर शके ९३४ वाचलं गेलंय, म्हणजे इ.स. १०१२. सोलापूरकडे भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलच्या देवळातला लेख शके ९४०चा. अंतर अवघं सहा वर्षांचं, आणि अक्षीच्या तारखेच्या वाचनावर अभ्यासकांत वाद आहे. श्रवणबेळगोळच्या ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’चा मान शाळेत आपण सगळ्यांनी घोकला, पण ती ओळ बाराव्या शतकात कोरली असं मानणारेही आहेत. म्हणजे ‘पहिला’ हा किताब अजून फिरताच आहे. त्या भांडणात मला पडायचं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पहिला की दुसरा यावर आपण हमरीतुमरीवर येतो, पण अक्षीच्या दगडावर लिहिलंय काय हे विचारलं तर दहातले नऊ जण गप्प.

लिहिलंय ते असं: पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकणचा चक्रवर्ती केसीदेवराय, त्याचा महाप्रधान भइर्जू सेणुई, वार शुक्रवार, आणि महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली (हे जुनं माप) धान्य. बोडण! माझी आत्या ज्या बोडणासाठी आदल्या रात्री पुरण शिजवून ठेवायची, तेच. परातीत देवी ठेवून सवाष्णी नि कुमारिका दूध-दही-तूप हाताने कालवतात, आणि कालवताना मध्येच कुणाला तरी हसू फुटतं. एवढ्या जुन्या दगडावर आपल्या माजघरातला शब्द सापडतो, याचा मला त्या किताबापेक्षा जास्त अभिमान वाटतो. तिथल्या माहितीफलकावर हे हवं.

गधेगाळीबद्दल तुमची अडचण समजते. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई. पाहून मीही पहिल्यांदा मान फिरवली होती. पण ते चित्र कुणाच्या करमणुकीसाठी नव्हतं. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान टिकावं, आणि जो मोडेल त्याच्या आईवर ही पाळी येवो, अशी ती धमकी. अक्षरं न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रात. शिलाहार राजा अपरादित्याच्या परळच्या शिलालेखात तर बाकी मजकूर संस्कृतात आणि शिवी तेवढी मराठीत! ज्याला दरडावायचं होतं त्याची भाषा कोरणाऱ्याला पक्की माहीत होती. शिवी त्याच्या आईलाच का, हा प्रश्न मलाही खुपतो, आणि तो लेखात यायला हवा होता. पण चित्र झाकून तो प्रश्न सुटत नाही. मुलांना कसं सांगायचं म्हणाल, तर ‘दान मोडू नये म्हणून कोरलेला घाणेरडा शाप’ एवढं पुरतं. पोरं त्याहून जास्त ऐकून असतात.

एक चूक मात्र कबूल. दगडांना शेंदूर फासणाऱ्या गावकऱ्यांना मी ‘अडाणी’ म्हटलं होतं. तुम्ही त्याकडे ओझरतं बोट दाखवलंत, पण तेच मला सगळ्यात जास्त लागलं. शेंदराने अक्षरं बुजतात हे खरं. पण रस्त्याकडेला वर्षानुवर्षं पडलेला आयता चिरा कुणीही जोत्याला नेला असता. देव म्हणून फासला, म्हणून तो हलवायला हात धजावला नाही. गावोगावचे असे कितीतरी दगड पुरातत्त्व खातं पोचायच्या आधी शेंदरानेच राखले असणार. ते वाक्य आज लेखातून काढलंय.

गधेगाळीचा फोटो मात्र राहील. हवं तर वर ‘घरच्यांसमोर उघडू नये’ असं लिहून ठेवतो, म्हणजे सगळे नक्की उघडतील.