"सुटलं ना रे पूर्ण?"

चवथीच्या रात्री आरत्या-भजन आटोपलं, सतरंजी पसरली आणि पत्ते आले. माझा धाकटा भाऊ उठून स्वयंपाकघरात गेला. "बस रे, दहा रुपयांचा तर डाव! मटका सुटला ना तुझा? मग भितोस कशाला?" असं एक वडीलधारे सगळ्यांसमक्ष म्हणाले. वर हशा. तो आत आदोळीवर नारळ खवत बसला. मला जे बोलायचं ते मी तिथेच बोलले, पण राग जात नाही म्हणून लिहितेय. त्याला विचारूनच.

चवथीचे पत्ते म्हणजे कॅसिनो नव्हे, मान्य. आमची आजीसुद्धा खेळायची. पण ज्याने पगार मटक्याच्या ओपन-क्लोज आकड्यांवर उधळला, बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या, त्याला दहा रुपयांचा डाव दहा रुपयांवर थांबवता येत नाही. दारू सोडलेल्यापुढे ग्लास करताना आपण निदान कचरतो. (न कचरणारेही आहेत, असो.) जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातलंय, आपण मात्र अजून "नादाला लागला" म्हणून मोकळे.

आणि ते "सुटलं ना पूर्ण?" विचारणं! "हो" सोडून दुसरं उत्तर तुम्हाला चालतं का? हे "हो" तो पूर्वी रोज द्यायचा, खिशात मटक्याची चिठ्ठी असताना. आता विचारलं तर सांगतो, "नाही गे ताई. मध्ये एकदा आकडा लावला. त्याच संध्याकाळी हिला सांगितलं, मग बांबोळीच्या इस्पितळात डॉक्टरांनाही." कदंबची बस आली की आधी नंबरप्लेट बघतो, मग पाटी. मटक्याच्या आकड्याची बेरीज डोक्यात आपोआप होते, म्हणाला. हे तोंडाने सांगणारा माणूस आणि आत नारळ खवायला जाणारा माणूस मला पत्ते पिसणाऱ्या सगळ्यांपेक्षा धीट वाटतो.

सरकारबद्दल काय बोलायचं? १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकराला कॅसिनोत बंदी, पण मांडवीतले ते झगमगते दिवे बघायला बंदी नाही. मोबाईलवरचे पैशांचे खेळ २०२५ च्या कायद्याने बंद केले, बरं झालं. मटका तर गोव्यात १९७६ च्या कायद्यापासूनच गुन्हा, तरी चिठ्ठी कुठे लिहितात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक!

जाऊ दे. वहिनीचा विश्वास अजून पुरता बसलेला नाही. एटीएम कार्ड तिच्याकडेच असतं, रिक्षाभाड्यालाही तो मागून घेतो. "विश्वास ठेव" असं तिला एकदाही म्हणालेला नाही. पूर्वी देवाच्या, आईच्या शपथा घ्यायचा.

एक काम करा. त्याने उसने पैसे मागितले, अगदी औषधाला म्हणून मागितले, तरी देऊ नका, आधी मला फोन करा. हे लिहायला त्यानेच सांगितलंय.