देवळात भरणारी शाळा कोणाची? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मारुतीच्या देवळात भरणाऱ्या आमच्या गावच्या शाळेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. शाळा सरकारने दिली आणि मी तिचं श्रेय गावाला दिलं, हा पहिला. दुसरा असा की मी तिला ‘साऱ्या गावाची शाळा’ म्हटलं, पण तुमचे वडील त्याच मारुतीच्या देवळाच्या पायरीखाली बसून अक्षरं गिरवत होते. दुसरा वाचल्यावर दोन दिवस मला काही लिहवलं नाही. तो खरा आहे.

देऊळ, चावडी, धर्मशाळा, नाहीतर कोणाच्या वाड्याची ओसरी. स्वतःची इमारत होईपर्यंत कितीतरी गावांत शाळा अशीच भरे, आणि मी ते कौतुकाने लिहिलं. ज्यांना देवळात पाऊल टाकायची बंदी होती, त्यांना तिथली शाळाही बंदच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्या घरातलं कोणी बाहेर बसलेलं नव्हतं ना.

पण यात सरकारला मोकळं सोडू नका. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने तो नकार कायम ठेवला. साताऱ्याला शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे; ती शाळा सरकारी होती, देवळातली नव्हे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तरी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सगळ्यांबरोबर बसवण्यासाठी १९१९ साली त्यांना निराळा हुकूम काढावा लागला.

श्रेयाबद्दल मात्र माझं म्हणणं तेच आहे. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीची पट्टी, म्हणून जादा घेतला जाई आणि त्यातला वाटा शाळांसाठी असे. १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं: शिक्षणाच्या नावाने पट्टी घेता, पण ती त्या कामी खर्च करत नाही, मुंबई इलाख्यातल्या दहांपैकी जवळजवळ नऊ गावांत शिक्षणाची काहीच सोय नाही. मग एखाद्या गावात शाळा आली, तर ती सरकारने दिली असं कसं म्हणू? गावाने आधीच पैसे मोजले होते.

आणि नुसते पैसेच नाहीत. पुढे इमारत झाली तेव्हा तुमच्या आजोबांनी ओढ्यातून दगड वाहिले, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे भिंती उभारणाऱ्यांत ते होते, आणि माझ्या लेखात त्यांचा उल्लेखही नाही. ‘साऱ्या गावाची’ हे शब्द मी आज काढून टाकले आहेत. तुमची हरकत नसेल तर त्या जागी पायरीची आणि दगडांची हकिकत तुमच्याच शब्दांत घालतो. वडिलांना पाटी कोणी आणून दिली होती, हेही आठवत असेल तर कळवा.