खुलासा : पॉम्पेईतली माणसं 'दगड' झालेली नाहीत

सुट्ट्या जवळ आल्या की एक संदेश फिरू लागतो : 'नेपल्सहून एका दिवसाच्या सहलीत लाव्हारसाने दगड झालेली माणसं पाहा, आणि व्हेसुव्हियसच्या मुखात उकळता लाव्हा!' दोन्ही गोष्टी चूक आहेत.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा इटलीतलं पॉम्पेई हे रोमन शहर लाव्हाने बुडालं नाही. आधी आकाशातून सच्छिद्र हलके दगड आणि राख कोसळली, मग तप्त वायू आणि राखेचे लोट आले. त्यात माणसं गाडली गेली. राख घट्ट झाली, देह कुजून गेले आणि आत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ ज्युसेप्पे फियोरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतलं, ते सुकल्यावर भोवतीची राख काढली. आपण पाहतो ते हे प्लास्टरचे ठसे. पण म्हणून त्यांना 'पुतळे' म्हणून उडवून लावू नका. आत खरी हाडं आणि दात आहेत.

व्हेसुव्हियसचा शेवटचा उद्रेक १९४४ चा. आज विवरात दिसते ती राखाडी दगडगोट्यांची खोल वाटी, आणि कडांवर कुठे कुठे निघणारी वाफ. बस सुमारे १००० मीटरपर्यंत नेते, पुढची भुसभुशीत चढण पायी. चपला घालून गेलात तर खडे मोजत याल. तिकीट आधीच ऑनलाइन, वेळ ठरवून काढावं लागतं.

धगधगता लाव्हाच पाहायचा असेल तर स्ट्रॉम्बोली हे इटलीतलं ज्वालामुखीचं बेट गाठा. ते या सहलीत बसत नाही.