याचे किती येतील?

आमच्या परभणीत जुनी नाणी जमवणाऱ्या माणसाला एकच शांत वेळ मिळते, लाईट गेल्यावर. एरवी कोणी ना कोणी भिंग बघतं, टेबलावरची चिल्लर बघतं आणि विचारतं, "याचे किती येतील?" नाणं कोणाचं, कुठं पाडलं, हे कोणी विचारत नाही.

माझा संग्रह चहा-भज्यांच्या बजेटातला. घासून गुळगुळीत झालेल्या तांब्याच्या शिवराया, १९४३ नंतरचा इंग्रजांचा भोकाचा पैसा, दहा पैशांची ॲल्युमिनियमची फुलं आणि निजामाची चारमिनारवाली नाणी. तरी गल्लीत बातमी अशी की वाड्याच्या खोदकामात ह्यांना काहीतरी घावलंय. आम्ही भाड्यानं फ्लॅटमध्ये राहतो, तोही दुसऱ्या मजल्यावर. शेजारच्या काकांनी मला आडबाजूला घेऊन १८७८ चा गुप्तधनाचा कायदा समजावला: जमिनीत दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. ह्याच काकांना घरपट्टीची तारीख दरवर्षी मी सांगतो.

मेव्हण्याचं वेगळंच. त्याच्या मोबाईलवर वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख देणारा शेठ असतो. ते नाणं २०१२ चं, सरकारनंच काढलेलं. शेठ आधी 'नोंदणी'चे हजार रुपये मागतो, एवढं सोडलं तर दानशूर माणूस. माझ्याकडे ते नाणं आहे म्हटल्याबरोबर मेव्हणा खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "दाजी, फिफ्टी-फिफ्टी."

शिवराईचा ताप आणखी निराळा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. सुरुवात महाराजांची, पण शिवराया पुढं पेशवाईतही पाडल्या जात होत्या. बाजारातला मोडवाला मात्र एकही शिवराई पेशव्यांना द्यायला तयार नाही. प्रत्येक नाणं थेट रायगडावरून त्याच्या गोणपाटावर आलेलं असतं. त्यातली बरी निघालेली एक मी हौसेनं कपाटात ठेवली होती. दिवाळीच्या आवराआवरीत सौभाग्यवतींनी ती समईबरोबर चिंच-मीठ लावून घासली. शंभर-दोनशे वर्षांचा काळपट तपकिरी रंग मोरीतून गेला. 'श्री' होता तिथं लखलखीत तांबं. "आता कसं दिसायलंय!" म्हणून त्यांनी ती देवघरात ठेवली. आता तिला रोज हळदकुंकू लागतं, त्यामुळे उरलेला 'राजा'ही दिसत नाही.

माझा जीव खरा अडकलाय तो निजामाच्या नाण्यांत. हैदराबाद संस्थानाचं चलन स्वतःचं होतं. त्याला 'हाली' म्हणायचे आणि इंग्रजांच्या रुपयाला 'कलदार'. ढोबळ हिशेब सात हालीला सहा कलदार. सोलापुराकडं, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात, सोयरिक करणाऱ्यांना हुंड्याच्या याद्या दोन चलनांत कराव्या लागत असतील, ह्या विचारानंच मला घाम फुटतो. नाण्यावर चारमिनार, आणि त्याच्या मधल्या कमानीत एक इवलंसं उर्दू अक्षर: मीम असेल तर सहावा निजाम महबूब अली खान, ऐन असेल तर सातवा उस्मान अली खान.

साल वाचायला मी आमच्या शिंपीचाचांकडं जातो. उर्दूतला सात म्हणजे इंग्रजी व्ही आणि आठ म्हणजे तोच व्ही डोक्यावर उभा. नाणं उलटं धरलं की निजामाचं वय बदलतं. चाचा सुई दातात धरून वाचतात, "तेरासौ अडसठ." हे निकेलचे चार आणे. हिजरी १३६८ लागलं ३ नोव्हेंबर १९४८ च्या सुमारास. आपला मराठवाड्याचा मुक्तिदिन १७ सप्टेंबर १९४८. म्हणजे राज्य गेलं, रझाकार गेले, आणि टांकसाळ निजामाच्या नावानं चार आणे पाडतच होती! हाली चलन कायमचं बंद व्हायला १९५९ उजाडलं. मी हे सगळं उत्साहानं चाचांना सांगितलं. त्यांनी सुई काढली. "वो ठीक है. इसका कितना आएगा?"

चालू नाण्यांचं म्हणाल, तर दहाचं नाणं इकडं घेता कोणी घेत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सांगून टाकलं की चौदाच्या चौदा नमुने खरे आहेत. परवा मेथीच्या जुडीला मी ते नाणं पुढं केलं. मावशीनं हातही लावला नाही.

"हे चालत नाई, दादा. नोट द्या."

"अहो, बँक म्हणते चालतं."

"मग बँकेतूनच मेथी घ्या की."

मी खिसा उपसला. चिल्लरबरोबर चाचांकडून आणलेले ते चार आणे बाहेर आले. मावशीनं तेवढेच उचलले, उलटेपालटे केले, दाताखाली धरून बघितले.

"हे ठिवा. वर कोथिंबीर बी देते."