आधी सांगा, पाणी सांडले होते का?

लॅपटॉप पुरता मेलेला असता तर मला इतका राग आला नसता. बटण दाबले की त्याचा पांढरा दिवा लागत होता, आतला पंखा घरघरत होता, तळ हळूहळू गरमही होत होता. पडदा मात्र ठार काळा. म्हणजे महाशय जागे होते, फक्त माझ्याशी बोलायचे नव्हते. घरच्यांनी ‘चार्जिंग केले होतेस ना?’ असे विचारून आपले कर्तव्य पार पाडले. चार्जर काढून पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरण्याचा उपायही झाला. त्याने आत साठलेली वीज निघून जाते आणि पुष्कळदा यंत्र खरोखरच सुरू होते, पण माझ्या बाबतीत वीज गेली असावी आणि काळोख तेवढा राहिला. कंपनीच्या हेल्पलाइनवरील मुलीने अतिशय गोड आवाजात सीरियल नंबर विचारला. हा नंबर लॅपटॉपच्या पोटावर, काळ्या रंगावर करड्या रंगाने, केवळ मुंग्यांसाठी छापलेला असतो. तो मी वाचून संपवताच तिने वॉरंटी उलटल्याचे कळवले आणि ‘आपल्या लॅपटॉपवरून’ संकेतस्थळावर जाऊन तक्रार नोंदवण्याची विनंती केली.

म्हणून मी पार्ल्याहून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला संगणकांचा बाजार, गाठला. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, परंतु १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांना तिथून हलवणे अद्याप कोणालाही जमलेले नाही. ज्या दुकानात मी शिरलो, तिथे काउंटरमागे एक तरुण इंजिनिअर होता आणि काउंटरच्या अलीकडे, एकुलत्या एका स्टुलावर, मांडीवर प्रिंटर घेतलेले एक गृहस्थ होते. वय सत्तरीच्या आसपास, शर्टाच्या खिशात दोन पेने, आणि चेहऱ्यावर दुसऱ्याच्या संकटाची वाट पाहत असल्याचे समाधान. मी लॅपटॉप काउंटरवर ठेवला. इंजिनिअर तोंड उघडणार तोच स्टुलावरून प्रश्न आला.

“पाणी सांडलं होतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

“चहा?”

“मी चहा पीत नाही.”

“मग कॉफी असेल.”

“कॉफीही पीत नाही.”

गृहस्थ क्षणभर विचारात पडले. चहा-कॉफी न पिणारा मनुष्य लॅपटॉप कशासाठी बाळगतो, हा प्रश्न त्यांच्या कपाळावर स्पष्ट वाचता येत होता. मग त्यांनी प्रिंटर दुसऱ्या मांडीवर घेतला आणि अत्यंत शांतपणे विचारले, “पाणी तरी पीत असाल?”

आता याला नाही कसे म्हणणार? “पितो,” मी म्हणालो.

त्यांनी इंजिनिअरकडे पाहिले आणि आरोप सिद्ध झाल्याच्या सुरात सांगितले, “पितात.”

आणि त्या तरुणाने माझ्या डोळ्यांदेखत संगणकावरील जॉबशीटमध्ये ‘नो डिस्प्ले’च्या पुढे ‘लिक्विड डॅमेज, संशयित’ असे टंकले. मी हरकत घेतली. तो म्हणाला, “सर, ते फक्त फॉर्मॅलिटीसाठी असतं.” या देशात माणसाची अब्रू बहुतेक वेळा फॉर्मॅलिटीसाठीच जाते.

त्यानंतर तपासणी सुरू झाली. पूर्वीचे टेबलावरचे संगणक सुरू होताना स्वतःची प्रकृती तपासत, सारे ठीक असले तर एकदा ‘पीं’ करत, आणि रॅम किंवा डिस्प्ले कार्ड रुसले असेल तर शिट्ट्यांची संख्या आणि लांबी बदलून आपले दुखणे सांगत. हल्लीचे पुष्कळ लॅपटॉप शिट्टी वाजवणे असभ्य समजतात. ते एखादा बारीक दिवा ठरावीक वेळा लुकलुकवतात आणि त्याचा अर्थ कंपनीच्या तक्त्यात पाहावा लागतो. माझ्या लॅपटॉपचा कॅप्स लॉकचा दिवा असा लुकलुकत होता. इंजिनिअरने मोजायला सुरुवात करताच गृहस्थांनी मोठ्याने, प्रत्येक आकड्यावर बोट आपटत, समांतर मोजणी आरंभली. इंजिनिअरचे तीन झाले तेव्हा यांचे चार झाले होते. पार्सल द्यायला आलेला कुरिअरचा मुलगा दारातून म्हणाला, “पाच होते, काका. पहिला तुम्ही सोडलात.” मग फेरमोजणी झाली. बाजूच्या केबलवाल्या दुकानातून एक मनुष्य येऊन सामील झाला, त्याला दिवा मुळीच दिसला नाही, पण त्याने कुरिअरच्या मुलाला पाठिंबा दिला. या साऱ्या गोंधळात लॅपटॉपचा मालक कोण, असे एखाद्याने विचारले असते तर चौघांनीही हात वर केले असते आणि माझा हात कोणी धरला नसता.

मध्यंतरी गृहस्थांनी माझे सांत्वनही केले. “तुमचा तर एकच आहे हो. १९ जुलै २०२४ आठवतो ना? जगात पंचाऐंशी लाख कॉम्प्युटर एका दिवसात निळे पडले. विमानं अडकली, आपल्याकडे बोर्डिंग पास हातानं लिहून दिले.” माहिती बरोबर होती. एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे ते घडले होते. परंतु त्या पंचाऐंशी लाखांपैकी एकाच्याही मालकाला कोणी पाण्याबद्दल विचारले नव्हते, हे मला त्यांना सांगायचे होते. तोवर ते प्रिंटरचे झाकण उघडून आत फुंकर मारण्यात गुंतले होते.

शेवटी इंजिनिअरने दिव्यांचा नाद सोडला, तळाचे स्क्रू काढले, रॅमची पट्टी बाहेर काढली, तिच्या सोनेरी टोकांवरून साधे खोडरबर फिरवले आणि ती परत बसवली. पडदा उजळला. टोकांवर सूक्ष्म थर साचून संपर्क तुटला होता, बाकी काही नव्हते. लॅपटॉप जुन्या पद्धतीचा, जाडजूड असल्यामुळे हे शक्य झाले. आजच्या बऱ्याच सडपातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, तिथे खोडरबर फिरवायला जागाच नसते आणि ती बिघडली की अख्खा बोर्ड बदला असे सांगतात. बॅटरीही आता पोटात. पूर्वी दोन खिट्ट्या सरकवल्या की ती हातात येई, आता तिला भेटायला स्क्रू काढावे लागतात. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आहे, आणि तो हक्क मला मनापासून हवा आहे. परंतु पैसे मोजून घेतलेली वस्तू उघडण्यासाठी हक्क मागावा लागतो, इथपर्यंत आपण निमूटपणे कसे आलो, याचे उत्तर कोणत्याही पोर्टलवर नाही.

बिल पाचशे रुपये आणि अठरा टक्के जीएसटी मिळून पाचशे नव्वद झाले. माझा चेहरा पाहून गृहस्थांनी लगेच जहाजाच्या बंद पडलेल्या इंजिनाची आणि हातोड्याच्या एका ठोक्याची गोष्ट सांगायला घेतली. ठोक्याचे पैसे थोडे आणि ठोका कुठे मारायचा याचे पैसे फार, ही गोष्ट मला दर महिन्याला कोणीतरी फोनवर पाठवतो, तरीही मी ती बंदरापासून बिलापर्यंत संपूर्ण ऐकली, कारण सुटे पैसे यायचे होते. पाचशे नव्वदला माझी तक्रार नव्हतीच. मला ‘लिक्विड डॅमेज, संशयित’ हे शब्द काढून हवे होते.

“सर, बिल जनरेट झालं. आता सिस्टीममधून निघत नाही.”

“पण पाणी सांडलंच नव्हतं, हे तुम्ही स्वतः उघडून पाहिलंत.”

“हो सर, म्हणून तर ‘संशयित’ लिहिलंय.”

“राहू द्या हो,” गृहस्थ मला समजुतीच्या सुरात म्हणाले. “पुढच्या वेळी खरंच सांडलं, तर उपयोगी पडेल.”