थांबलेली गाडी धरायची नाही

दिवाळीच्या फराळाला सासुरवाडीला गेलो होतो, सगळं छान चाललं होतं, आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाता खाता आमचे साडूभाऊ सहज बोलून गेले, "हल्ली काय हो, रस्त्यावर बघाल तिकडे लक्झरी ईव्ही. म्हणजे आमच्याकडे. तुमच्या पुण्यात अजून ॲक्टिव्हाच ना?"

हे बोलणं त्यांनी 'ईव्ही'पाशी, म्हणजे विजेवरच्या गाड्यांपाशी, संपवलं असतं तर माझा पुढचा अख्खा महिना वाचला असता. पण माणूस मुलुंडचा, त्यात ऑफिस बीकेसीला, पुण्याला एक टपली मारल्याशिवाय त्यांना फराळ पचत नाही. मी म्हटलं, अहो ती मर्सिडीजची ईक्यूएस कुठे जोडतात माहितीये का, चाकणला! २०२२ पासून! तुमच्या बीकेसीत जी फिरते ती आमच्याकडूनच येते, बाकरवडी येते तशी. तर ते शांतपणे म्हणाले, "बनत असेल हो. पण दिसते का?"

इथे माझं डोकं सटकलं. पैज लागली. एक महिना दोघांनी मोजायचं, ज्याला कमी दिसतील त्याने दोन्ही घरांना मस्तानी पाजायची.

पैज लावायला दोन मिनिटं लागली, नियम ठरवायला दुपार गेली. मुळात लक्झरी कशाला म्हणायचं? मी म्हटलं राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये ३० लाखांवरच्या ईव्हीवर ६ टक्के टॅक्स लावायचं ठरवलं होतं (आणि त्याच महिन्यात मागे पण घेतलं, ते सोडा), तोच आकडा घेऊ. पण मग महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई चं टॉप मॉडेल साडेतीस लाखांचं, ते धरायचं, आणि खालचं मॉडेल सोडायचं, तर रस्त्यात गाडी थांबवून 'काका, टॉप का?' असं विचारत बसायचं का? शेवटी ४० लाखांची रेघ मारली. शोरूमच्या डेमो गाड्या नाहीत. तीच गाडी दोनदा नाही. आणि साडूभाऊंनी हळूच घुसवलेला नियम म्हणजे थांबलेली गाडी धरायची नाही, रस्त्यावर चालताना दिसली पाहिजे. सिग्नलला थांबलेली चालेल, पार्क केलेली नाही. मी बेसनाच्या लाडवाच्या भरात हो म्हणून बसलो.

दुसऱ्या दिवसापासून माझी शांतता गेली ती गेलीच. मी रोज कोथरूडहून बाणेरला ॲक्टिव्हावर जातो. आजवर त्या रस्त्यावर मला फक्त खड्डे दिसायचे, आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या हिरव्या नंबरपाट्या दिसायला लागल्या. आणि हिरव्या पाट्या दिसतात हो, खूप दिसतात! पहिल्या दिवशी मी चांदणी चौकापर्यंत अकरा मोजल्या आणि संध्याकाळी विजयी मुद्रेने वही चिरंजीवांपुढे ठेवली. चिरंजीव सहावीत. त्यांनी वर्णन ऐकून एकेक खोडायला घेतली. ही नेक्सॉन, चाळीस लाखांच्या खालची. ही पण नेक्सॉन. ही विंडसर, तीही खालचीच. हिच्यावर अक्षरं पिवळी होती ना बाबा? मग ती टॅक्सी आहे, खासगी गाडीला हिरव्यावर पांढरी अक्षरं असतात. अकराची शून्य झाली. शून्याखाली त्याने माझी सही घेतली.

मग त्याने माझा अभ्यास घ्यायला सुरुवात केली. पिक्सेलसारखे चौकोनी दिवे दिसले की ह्युंदाईची आयोनिक ५. पुढे जाळीच्या जागी काळा गुळगुळीत पत्रा आणि त्यात बारीक बारीक चांदण्या, की ईक्यूएस. मोठमोठ्या नाकपुड्या असल्या की बीएमडब्ल्यू, पण तिथे थांबायचं नाही, कारण एक्स१ पेट्रोलची पण असते आणि आयएक्स१ विजेची, लांबून बघाल तर जुळ्या बहिणी, फरक काय तो पाटीचा. माझ्या शाळेत जेवढी फुलझाडं ओळखायला लावली नसतील तेवढ्या गाड्या मी रात्री जेवताना ओळखत होतो आणि ही म्हणत होती, भाजीत मीठ नाहीये हे तरी ओळखा.

पाटीचाच तर सगळा वांधा. सिग्नलला गाडी शेजारी उभी असली की पुढची पाटीही दिसत नाही आणि मागचीही. एकदा पौड फाट्याला अशीच एक जुळी बहीण उजव्या हाताला उभी. मी आपला ॲक्टिव्हावरूनच मागे वाकून वाकून बघतोय, हेल्मेट मागच्या रिक्षाला लागेल इतका. तेवढ्यात काच खाली. आतला तरुण म्हणाला, "काका, टायर बसलाय का?" आता त्याला काय सांगू, की मी मस्तानीसाठी तुझी पाटी बघतोय? तोंडातून निघून गेलं, "थोडी कमी वाटतेय हवा." सिग्नल सुटला, बिचाऱ्याने इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली, उतरून चारही चाकांना लाथा मारून बघितल्या. पाटी हिरवी होती! आयएक्स१! पण मला ती नीट दिसली तेव्हा गाडी कडेला थांबलेली होती. मी घरी येऊन प्रामाणिकपणे सांगितलं, चिरंजीवांनी प्रामाणिकपणे बाद केली.

पण हे काहीच नाही, खरी गोष्ट दळणाची आहे.

रविवारी सकाळी गिरणीतून दळण घेऊन येत होतो. पाच किलो गहू, स्टीलचा डबा, ॲक्टिव्हाच्या पुढच्या पत्र्यावर दोन पायांच्या मध्ये. ज्यांनी असा डबा आणलाय त्यांना माहिती असेल, ताजं पीठ गरम असतं म्हणून झाकण घट्ट लावत नाहीत, आणि डब्याचा चटका पोटऱ्यांना बसत असतो म्हणून माणूस फेंगडे पाय करून, सर्कशीतल्या अस्वलासारखा गाडी चालवतो. तसा मी आमच्या गल्लीत शिरलो. गल्ली म्हणजे दोन्ही बाजूला पार्किंग आणि मध्ये उरेल तो रस्ता. तिथे वळताना मी जरा थांबलो आणि मागे कुणी आहे का ते कानानेच बघितलं, आपण सगळे तेच करतो, आवाज नाही म्हणजे कुणी नाही. आवाज नव्हता. मी गाडी जरा मागे रेटली.

आणि मानेच्या मागे भों!

मी दचकलो, पाय मिटले, डबा उडाला. झाकण कुठे गेलं ते आजतागायत सापडलेलं नाही. पांढऱ्या धुरळ्यातून हळूहळू जे दिसायला लागलं ते आधी काळं होतं, मग लांब होतं, मग आणखी लांब होतं, आणि मग मला त्या काळ्या पत्र्यावर बारीक बारीक चांदण्या दिसल्या. ईक्यूएस. सव्वापाच मीटरची, दीड कोटीच्या वरची, जिच्यासाठी मी तीन आठवडे मान मोडून घेत होतो ती माझ्या पाठीशी येऊन उभी होती आणि तिच्या नक्षत्रांवर सिहोर गव्हाचं पीठ पसरलं होतं.

ड्रायव्हर उतरला. दाराची मूठ आपोआप बाहेर आली का आत गेली ते मला बघायचं होतं, पण हिंमत झाली नाही. मी रुमाल काढून पुढे झालो तर तो ओरडला, "हात नका लावू! चरे पडतात!" आणि डिकीतून एक पिवळं मऊ फडकं काढून, बाळाचं तोंड पुसतात तसं तो पीठ टिपायला लागला. मी तिथे उभ्या उभ्या मनात हिशोब करत होतो, पीएफमधून किती काढता येतील, मागच्या वर्षी काढलेत म्हणजे परत देतील का.

मागची काच खाली आली. आत एक सत्तरीच्या बाई, सुती साडी, चष्मा कपाळावर. त्यांनी बोनेटकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हात बाहेर काढून दारावरचं चिमूटभर पीठ बोटांत घेऊन चोळून बघितलं.

"खपली का?"

"नाही हो, सिहोर."

"बारीक दळलंय अगदी. कुठली गिरणी?"

मी पत्ता सांगितला. त्या म्हणाल्या आमच्याकडे घरघंटी आहे पण असं येत नाही, कोंडा वेगळाच राहतो. ड्रायव्हरला म्हणाल्या, बास रे, गेलं सगळं. गाडी निघाली, आणि खरंच सांगतो, निघताना सुद्धा मला काहीही ऐकू आलं नाही.

घरी आलो तर ही म्हणाली पीठ कुठेय. मी म्हटलं मर्सिडीजवर. हे वाक्य घरातल्या कर्त्या पुरुषाने आयुष्यात एकदाच म्हणावं. चिरंजीव मात्र उड्या मारत होते, बाबा ती एका चार्जमध्ये ८५७ किलोमीटर जाते माहितीये, गाड्या तपासणाऱ्या एआरएआयचा आकडा आहे! माझ्या वडिलांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, म्हणजे कोल्हापूरला जाऊन येऊन परत कोल्हापूर? म्हटलं कागदावर तरी होईल. त्यावर चिरंजीवांनी त्यांना माहिती दिली की आजोबा, टेस्लाचं शोरूम जुलै २०२५ मध्ये बीकेसीत उघडलं ना, तर इथली पहिली टेस्ला आपल्या परिवहनमंत्र्यांनी, प्रताप सरनाईकांनी घेतली, नातवासाठी! एवढं बोलून तो आजोबांकडे अर्थपूर्ण बघत राहिला. आजोबा म्हणाले, तुझ्या बापाला मी लुना दिली होती, तीही सेकंडहँड, तो कधी काही बोलला का? बोललो होतो खरं तर. पण असो.

महिना संपला. हिशोबाला मुलुंडला जायचं ठरलं, आमची २०१४ ची वॅगन-आर घेऊन. एक्स्प्रेसवेवर चिरंजीवांना नुसती लॉटरी लागली, लोणावळ्याच्या आत तीन सापडल्या. पण माझं दुःख वेगळंच होतं. इलेक्ट्रिक गाड्यांना ऑगस्ट २०२५ पासून तिथे टोल माफ आहे. मला ३२० रुपये. म्हणजे माझ्या शेजारून बीएमडब्ल्यूची आय७ जातेय, जी २०२३ मध्ये आली तेव्हाच १ कोटी ९५ लाखांची होती, जिच्यात मागच्या सीटवर बसून बघायला ३१ इंची पडदा आहे, आमच्या हॉलमधला ३२ इंची आहे म्हणजे एका इंचाने का होईना आम्ही पुढे, तर ती फुकटात, आणि माझ्या मोबाईलवर फास्टॅगचा मेसेज टिंग. प्रदूषण वगैरे मला सगळं पटतं हो. पण मला पटतंय म्हणून टिंग वाजायचं थोडंच थांबतंय?

मुलुंडला चहाबरोबर वह्या निघाल्या. म्हणजे माझी वही निघाली, तारीख, वेळ, ठिकाण, गाडी, शेवटचे चार आकडे. माझ्या एकोणीस. साडूभाऊ म्हणाले, "चौसष्ट." वही? वही नाही. तोंडी. मी म्हटलं, अहो तुमच्या ऑफिससमोरून रोज तीच पोर्शे टायकन जात असेल, तिला तुम्ही बावीस वेळा धरली असेल. ते म्हणाले, तुम्हा पुणेकरांना गाडी दिसली तरी पावती लागते.

मग मी हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, ४० लाखांच्या वरची, इलेक्ट्रिक, एसी, ड्रायव्हरसकट, हेच ना नियम? मग पीएमपीची ई-बस का नाही? २०१९ पासून धावतायत, पाटी हिरवी, आणि आमच्या ऑलेक्ट्राच्या बसला तंत्र बीवायडी या चिनी कंपनीचं आहे, ज्यांची सील नावाची गाडी ४१ लाखांना आली होती. पाऊस असला की मी त्यातूनच ऑफिसला जातो, दहा रुपयांपासून तिकीट. नियमात कुठेही लिहिलेलं नाही की गाडीत स्वतःच बसलेलं असू नये. त्या धरल्या तर माझ्या दोनशेच्या वर जातात!

साडूभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "मग मी लोकल धरतो," म्हणाले. "एसी लोकल. इलेक्ट्रिक. आणि विजेवरची लोकल आमच्याकडे १९२५ पासून आहे." वर बारा डबे वेगवेगळे मोजायचे की एकत्र हा मुद्दा त्यांनीच काढला आणि तिथे दोघांच्या बायका आतून बाहेर आल्या.

मस्तानी मीच पाजली. सहा ग्लास, वर ड्रायफ्रूट, ज्याची गरज नव्हती.

परवा परत दळणाला गेलो. या वेळी झाकणाला सुतळी बांधून. गिरणीवाले मामा पिठाने पांढरे झालेल्या भुवया उडवत म्हणाले, "काय साहेब, मोठी ओळख काढली तुम्ही. नंबर लागलाय, बसा जरा." पुढे बघतो तर माझ्या डब्याच्या आधी एक नवाकोरा पितळी डबा, त्यात खपली गहू, आणि बाकड्यावर तो ड्रायव्हर, मांडीवर तेच पिवळं फडकं. मला बघून त्याने आधी माझ्या सुतळीकडे बघितलं, मग निवांत झाला.

गाडी बाहेरच होती, केळीवाल्याच्या हातगाडीला चिकटून. पुढच्या चांदण्यांवर ऊन पडलं होतं. मी वही काढली, पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. पार्क केलेली होती.