शेगडी चालते, पण आतला जेट?

पाइपचा गॅस आला की सिलिंडरवरची जुनी शेगडी तशीच चालते, असं एका लेखात वाचलं. चालते, पण जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड) बदलल्यावर! सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन, पाइपमध्ये मुख्यतः मिथेन. तेवढ्याच आकारमानात मिथेनची उष्णता निम्म्याहून कमी, वर दाबही कमी (सिलिंडरच्या रेग्युलेटरला साधारण ३० मिलिबार, पाइपला २१). म्हणून पाइपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं.

आमच्याकडे घोटाळा उलटा झाला. पुण्यात पाइपच्या गॅसवर वापरलेली शेगडी गावी नेऊन आईच्या सिलिंडरला जोडली. जेट तेच, मोठ्या भोकाचे! लांबलचक पिवळ्या ज्वाळा, पातेल्यांची बुडं काळीकुट्ट. आई म्हणाली, "अरे, यापेक्षा माझी चूल बरी होती की!" तालुक्याच्या शेगडीवाल्याने अर्ध्या तासात बारीक भोकाचे पितळी जेट बसवले, हवा कमीजास्त करून ज्योत निळी केली आणि साबणाचं पाणी लावून गळती तपासली. फार खर्चही आला नाही.

आणि हो, सुई-दाभण घालून जेटचं भोक घरीच मोठं करणारे महाभाग आमच्या सोसायटीत आहेत. पितळ मऊ असतं हो, भोक वाकडंतिकडं झालं की ज्योत कधीच सरळ लागत नाही. फिटरलाच बोलवा.